सुईला घाबरतो, मग आगीला का नाही?

परवा एका ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला. आपल्याच सोलापुरातला. 'भव्य मोफत ॲक्युपंक्चर व उष्णता उपचार शिबिर'. खाली यादी: गुडघेदुखी, कंबरदुखी, सायटिका, पायाला मुंग्या, जुना मधुमेह. फ्लेक्सवर एकूण अकरा फोटो. मी मोजले. वाढदिवसवाले साहेब मधोमध, त्यांच्यावरचे साहेब वर, आणि खाली हात जोडलेले कार्यकर्ते. उपचार नेमका कोण करणार, त्याचं नाव कुठेच नव्हतं. नोंदणी क्रमांक तर लांबचीच गोष्ट.

हा फोटो बघून मी दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितोच. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात शुगरचं माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

मागच्या वर्षी दसरा झाला आणि माझ्या आईला असंच एका शिबिरात नेलं होतं. नेलं म्हणजे मीच नेलं. आईचं वय ६८, मधुमेह १७ वर्षांचा. कंबरेतून निघून मांडीच्या मागून घोट्यापर्यंत उतरणारी कळ. गोळ्या घेऊन पोट बिघडलेलं. शेजारच्या काकूंना फरक पडला होता, म्हणून आम्ही गेलो. मंगल कार्यालयाचा हॉल, एका रांगेत पंधरा-वीस गाद्या, पंखे बंद (राख उडू नये म्हणून, हे नंतर कळलं), आणि सगळीकडे एक धूर. वास वाईट नव्हता. वाळलेला पाला जाळल्यासारखा.

पहिले दोन दिवस सुया आणि शेक. आईला खरंच बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर जे झालं त्यामुळे पहिलं खोटं ठरत नाही. दुसऱ्या रात्री ती एकदाही उठली नाही, सलग झोपली. कित्येक महिन्यांनी.

तिसऱ्या दिवशी एक विशी-बाविशीचा पोरगा तिच्या पायाशी बसला. हातात सिगारसारखी जाड कांडी, टोकाला लाल निखारा. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाड आणि शिरेच्या मधल्या खळगीवर तो ती धरून होता. म्हणाला, "आज्जी, गरम लागलं की सांगा." आई म्हणाली, "कुठं लागतंय बाळा, धर की जवळ." त्याने जवळ धरली. पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "अजून काय नाय." त्याने अजून जवळ धरली. मी तिथेच उभा होतो. मोबाईल बघत.

पोरगा वाईट नव्हता. आज्जी सांगेल तसं करत होता बिचारा. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, की ज्या माणसाला गरम लागत नाही, तिथे कांडी जवळ न्यायची नसते. लांब न्यायची असते. विझवायची असते.

रात्री घोट्याला फोड आला. आम्ही कोरफड लावली. पाचव्या दिवशी फोड फुटून खाली पांढरट, मेल्यासारखी कातडी दिसली, आणि आई म्हणत होती, "दुखत नाय रे, राहू दे." दुखत नाही म्हणून आम्हीही निवांत. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा भाजणं कातडीच्या आरपार गेलेलं होतं. शुगर साडेतीनशे. मांडीची कातडी काढून घोट्याला लावावी लागली. सगळं मिळून साडेतीन महिने. शिबिरवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "आम्ही विचारूनच देतो शेक, आज्जींनीच जवळ धरायला सांगितलं." आणि ते खरंच होतं ना! त्याच्यावर बोलणार काय?

ड्रेसिंगच्या रांगेत बसून बसून मला बरंच शिकायला मिळालं. एकजण गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपलेला. एकाच्या पोटरीला गाडीचा सायलेन्सर चिकटलेला, त्याला घरी गेल्यावर बायकोने सांगितलं. दोघं-तिघं कोजागिरीला अनवाणी तुळजापूरला चालत गेलेले, तळव्याची चाळण झाली तरी पत्ता नाही. सगळे शुगरवाले. तिथल्या सिस्टर म्हणायच्या, "दुखलं असतं तर ही माणसं इथं आलीच नसती." 

आता हे होतं कसं, ते माझ्या भाषेत सांगतो. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पायाच्या नसा मरायला लागतात, सगळ्यात लांबच्या आधी. त्यातही गरम-गार आणि वेदना यांची खबर नेणाऱ्या नसा बारीक असतात, त्या बऱ्याचदा लवकर जातात. म्हणजे पायाला हात लावला तर कळतं, पण निखारा आणला तर कळत नाही, असं होऊ शकतं. तुम्ही त्या माणसाला विचारता "गरम लागतंय का?", तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. थर्मामीटर मोडलाय आणि आपण त्याच्यावरचा आकडा वाचतोय. लकवा झालेली बाजू, कुष्ठरोगाने बधीर झालेला पाय, वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याचे पाय, सगळीकडे हेच.

आणि कातडी जळायला किती वेळ लागतो? १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोघांनी हे मोजून ठेवलंय, आजही तोच हिशोब वापरतात. कातडीला ४४ अंशाची उष्णता सतत लागली तर भाजायला साधारण सहा तास लागतात. ६० अंशाला पाच सेकंद पुरतात. चव्वेचाळीस म्हणजे आपलं मे महिन्यातलं सोलापूर! त्याच्यावर सोळा अंश चढले की सहा तासांचे पाच सेकंद होतात. एका बोटाच्या अंतराने कांडी पुढे-मागे झाली की एवढा फरक पडतो. निरोगी माणूस त्याआधीच पाय ओढून घेतो. तेवढीच एक सुरक्षा असते, आणि आईकडे तीच नव्हती.

ही कांडी म्हणजे मॉक्सा. या उपचाराबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं की ॲक्युपंक्चर म्हणजे सुया आणि शेक हा आपला वरचा मसाला. तसं नाही. चिनी भाषेत ज्या शब्दाचं भाषांतर आपण 'ॲक्युपंक्चर' करतो, त्या 'झेनजिऊ' शब्दाचा अर्थच सुई आणि आग असा आहे. अर्धा शब्द सुईचा, अर्धा जाळाचा. युरोपात जाताना अर्धा गळाला. चीनमध्ये मावांगदुई इथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले, १९७३ मध्ये. त्यात शरीरातल्या वाहिन्यांचं वर्णन आहे, त्यांच्यावर आग कशी वापरायची ते आहे, पण सुयांनी टोचण्याचा उल्लेख नाही. म्हणजे लेखी पुराव्याने बघितलं तर आग ही सुईची थोरली बहीण.

'जिऊ' या अक्षराची घडणही बघण्यासारखी आहे. खाली अग्नीचं चिन्ह, वर 'दीर्घ काळ' या अर्थाचं. जास्त आग नव्हे, जास्त वेळ. आपल्या आयाबाया दूध आटवतात ना, तशी मंद आंच.

जाळतात ते झुडूप आपल्या दवण्याच्या कुळातलं. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा, त्याचं हे चुलत भावंड. आपल्याकडे डोंगरात नागदवणा मिळतो, तो तर आणखी जवळचा. पानं वाळवून, कुटून, चाळून चाळून कापसासारखी करतात. ज्योत न येता सावकाश धुमसतो, म्हणून हाच कापूस. त्याच्या कांड्या करतात किंवा छोटे शंकू. कांडी कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब धरायची, कातडी गुलाबी झाली की थांबायचं. शंकू आल्याच्या किंवा लसणीच्या चकतीवर ठेवून पेटवतात, किंवा बेंबीत मीठ भरून त्यावर. कधी टोचलेल्या सुईच्या दांड्यावर कापसाची गोळी लावून पेटवतात. ती घसरून पडली तर थेट कातडीवर, म्हणून जाणकार माणूस खाली जाड कागद ठेवतो. आणि एक जुना प्रकार, शंकू सरळ कातडीवर ठेवून फोड आणि व्रण मुद्दाम उठवायचा. हे सगळं 'शेक' या एका शब्दात बसवलं की घोळ सुरू होतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी धुराऐवजी लाल दिवा लावतात. धूर नाही, राख नाही, पण भाजायचं काम तोही करू शकतो.

थोडं विषयांतर. आपल्या सोलापूरकरांना ॲक्युपंक्चर म्हटलं की लगेच डॉ. कोटणीस आठवतात. त्यांचं नाव घेऊन भाषणं होतात या शिबिरांत. कोटणीस चीनला गेले १९३८ मध्ये, ते शल्यचिकित्सक म्हणून, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच गेले, ३२ वर्षांचे होते. सुयांची विद्या भारतात आणण्यात मोठा वाटा त्यांच्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बसूंचा, ते पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन शिकून आले. तेव्हा भैय्या चौकातल्या स्मारकाला जरूर जा, पण तो फोटो कुणाच्या कांडीला सर्टिफिकेट म्हणून वापरू देऊ नका.

मग हा उपचार म्हणजे थोतांड का? माझ्यावर जे गुदरलंय ते बघता मी 'हो' म्हणावं असं काही मित्रांना वाटतं. मी म्हणत नाही. जे मोजून बघितलंय तेवढंच सांगतो. बाळ पोटात पायाळू असेल, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली, तर आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाशेजारी मॉक्साची ऊब द्यायची, ही जुनी चिनी पद्धत. (आपण काय करतो? पायाळू माणूस मोठा झाला की उसण भरलेल्यांना त्याच्याकडून लाथ मारून घेतो. प्रत्येक देशाची आपली तऱ्हा.) १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात चीनच्या जिआंग्शी प्रांतातला अभ्यास आला. पहिलटकरणी २६०, तेहेतिसावा आठवडा, निम्म्यांना मॉक्सा, निम्म्यांना नाही. दोन आठवड्यांनी मॉक्साच्या १३० जणींपैकी ९८ जणींचं बाळ फिरलेलं, दुसऱ्या १३० पैकी ६२ जणींचं. चांगला फरक आहे. पण त्याच संशोधकाने पुढे इटलीत हाच प्रयोग केला, तेव्हा बऱ्याच बायकांनी उपचार मधेच सोडला, अभ्यास लवकर थांबवावा लागला आणि फरक काही दिसला नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात सगळे अभ्यास एकत्र केले तर निष्कर्ष असा की नेहमीच्या काळजीसोबत मॉक्सा दिला तर बाळ आडवं-पायाळू राहण्याचं प्रमाण बहुधा कमी होतं. सिझेरियन कमी होतात असं मात्र सांगता येत नाही.

म्हणजे बघा, सगळ्यात जास्त तपासलेल्या वापरातसुद्धा 'बहुधा'च्या पुढे गाडी जात नाही. बाकी दुखण्यांबद्दल फ्लेक्सवर शंभर टक्के गुण लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय या उपचाराची एक अडचण आहेच: गोळी खोटी देता येते, ऊब खोटी कशी देणार? ज्याला शेक मिळतो त्याला कळतंच की मिळाला. तेव्हा दहा मिनिटं कुणी आपुलकीने पायाशी बसलं याचा गुण किती आणि कांडीचा किती, हे वेगळं काढणं अवघड. माझ्या आईच्या त्या एका रात्रीच्या झोपेचं श्रेय कुणाचं, मला आजही सांगता येणार नाही. पण झोप खरी होती.

माझी तक्रार उपचाराबद्दल नाही. तो देण्याच्या आणि घेण्याच्या आपल्या सवयीबद्दल आहे.

आईला सुया टोचायच्या होत्या तेव्हा मी दहा प्रश्न विचारले होते. सुई नवीन आहे ना? पाकीट माझ्यासमोर फोडा. कितपत आत जाते? शुगर आहे, चालेल ना? कांडी पेटवली तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. का? कारण शेक आपल्या घरातला आहे. बाळंतिणीला शेक-शेगडी, ओव्याची धुरी. सर्दीला तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी. मुरगळलं की विटेचा शेक. शेकाला कुणी औषध समजतच नाही. आणि ज्याला औषध समजत नाही त्याचा डोस कुणी विचारत नाही. वर पुन्हा आपली ती समजूत, की चटका बसला की गुण आला. सोसेल तेवढं सोस, जास्त सोसलं तर जास्त फायदा. आई "जवळ धर" म्हणाली त्यात नुसता बधीरपणा नव्हता, ही समजूतही होती. फुकटचा उपचार पुरेपूर घ्यावा असंही असेल थोडं.

या समजुतीचं पुढचं टोक मेळघाटात दिसतं. तिथे लहान बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात, 'डंबा' म्हणतात त्याला. २०२५ च्या फेब्रुवारीत सिमोरी गावातल्या २२ दिवसांच्या बाळाला ६५ चटके दिल्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. आपण शहरातली माणसं हळहळलो, 'किती अडाणी' म्हणालो. त्या आईकडे दवाखाना लांब होता. माझ्याकडे काय कारण होतं? टाइल्स लावलेला हॉल, हातात स्मार्टफोन, शुगरच्या फाइलची झेरॉक्स पिशवीत. तिथे कुणी मला अडाणी म्हटलं नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी खूळ, आपल्या आयुर्वेदात असं नाही. आहे की! सुश्रुताच्या सूत्रस्थानात बारावा अध्यायच अग्निकर्माचा आहे. आणि त्यात मला सगळ्यात आवडलं ते हे, की डाग कसा द्यायचा याच्यासोबत कुणाला द्यायचा नाही हेही सांगितलंय: पित्तप्रकृतीचा, बालक, वृद्ध, दुर्बळ, भित्रा. कोणत्या ऋतूत टाळायचं तेही आहे, शरद आणि ग्रीष्म. भाजणं नीट झालं, कमी झालं की जास्त झालं, याच्या वेगवेगळ्या खुणा दिल्यात आणि जास्त झालं तर पुढे काय करायचं तेही. इतक्या शतकांपूर्वीच्या माणसाने एवढा विचार केला. आमच्या शिबिरात एक साधा फॉर्म नव्हता, ज्यात 'मधुमेह आहे का' एवढी एक ओळ असेल. नाव आणि मोबाईल नंबर मात्र वहीत लिहून घेतला, तो कशासाठी ते निवडणुकीच्या वेळी कळेल.

जपानची गोष्ट सांगतो. तिथे सुई टोचण्याचा परवाना वेगळा आणि मॉक्सा देण्याचा परवाना वेगळा. दोन निरनिराळ्या राष्ट्रीय परीक्षा. सुईत पास झालात म्हणून आग हातात मिळत नाही. बरं, तो देश मॉक्सावर आपल्यापेक्षा हजारपट प्रेम करणारा. सतराव्या शतकातला त्यांचा मोठा कवी बाशो लांबच्या पायी प्रवासाला निघताना गुडघ्याखाली मॉक्सा लावून घेतल्याचं स्वतः लिहून गेलाय. चालणाऱ्यांचे पाय टिकावेत म्हणून. वारकऱ्यांना हे लगेच पटेल. आणि एखाद्याला चांगली अद्दल घडवली याला जपानीत 'मॉक्सा लावला' असं म्हणतात, आपण 'डागण्या दिल्या' म्हणतो तसं. म्हणजे प्रेमही आहे आणि आग भाजते हे भाषेलासुद्धा ठाऊक आहे. म्हणून दोन परवाने.

आपल्याकडे अगदीच रान मोकळं आहे असंही नाही. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केलाय, २०१५ चा. राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. नीट शिकलेले, नोंदणी केलेले लोक आपल्या शहरातही आहेत. त्यातल्या एकांना मी नंतर मुद्दाम भेटलो, आईची फाइल घेऊन. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? दोन चमचे घेतले, एक कोमट पाण्यात बुडवलेला, एक गार पाण्यात. कोमट चमचा आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितला. मग आईला डोळे मिटायला सांगून पायाला ठिकठिकाणी लावले. गुडघ्याखाली आईचं उत्तर चुकायला लागलं. ते म्हणाले, "माझ्याकडे आल्या असत्या तर इथून खाली मी शेक दिलाच नसता." दोन मिनिटांचं काम होतं हो. डॉक्टरांकडे नायलॉनचा तो बारीक धागा असतो, दहा ग्रॅमचा, तळव्याला टोचून बघतात; ती तपासणी त्यांनी वेगळी करून घ्यायला सांगितली. 

म्हणून माझं म्हणणं शिबिरं बंद करा असं अजिबात नाही. रिक्षावाला, विडी कामगार बाई, पॉवरलूमवर बारा तास उभा राहणारा माणूस, याला फिजिओथेरपीचे दिवसाचे तीनशे रुपये परवडत नाहीत. त्याला फुकट ऊब मिळत असेल तर मी कोण नाही म्हणणारा. पण आयोजकांनी फ्लेक्सवरचा एक फोटो कमी करून तिथे उपचार करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापावा. दारात एक माणूस बसवावा जो शुगर विचारेल आणि दोन चमचे लावून बघेल. ज्याला कळत नाही त्याला आग नाही, मग तो कितीही आग्रह करो. कांडी धरणाऱ्याने आपलं दुसऱ्या हाताचं बोट त्या जागेच्या शेजारी ठेवावं, म्हणजे रुग्णाला नाही तरी त्याच्या बोटाला कळेल. लहान मुलांना मॉक्सा देताना चिनी वैद्य असंच करतात. आणि महापालिकेने मांडवाला परवानगी देताना स्पीकरचे डेसिबल विचारते तसं हेही विचारावं.

काही जण कमेंटमध्ये लिहितील की मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा चुका होतात, त्यांच्यावर का लिहीत नाही. होतात. त्यांच्यावरही लिहिलंय, खाली स्क्रोल करा. तिथे निदान केस पेपर असतो, त्यावर कुणाची तरी सही असते. आमच्याकडे त्या तिसऱ्या दिवसाचा एकच पुरावा आहे, आईच्या घोट्यावरचा रुपयाएवढा गुळगुळीत डाग.

आई आता चालते. काठी घेऊन, पण चालते. कंबरेची कळ परत आली आहे. आणि खरं सांगू? मधूनमधून म्हणते, "त्या पहिल्या दोन दिवसांत लई बरं वाटलं होतं बघ." परवाचा तो फ्लेक्स मी तिला दाखवला नाही, पण शेजारच्या काकूंनी दाखवला. विचारत होती, रविवारी नेतोस का म्हणून.

मी फ्लेक्सवरच्या नंबरला फोन केला. उपचार कोण करणार, नोंदणी क्रमांक काय, शुगरवाल्यांची आधी तपासणी होणार का, एवढंच विचारलं. समोरचा कार्यकर्ता चांगला बोलला. "विचारून सांगतो दादा," म्हणाला. काल पुन्हा केला, तर म्हणाला "साहेब बाहेरगावी आहेत." रविवारला अजून चार दिवस आहेत. उत्तर आलं की इथेच कमेंटमध्ये टाकतो.